प्रतिवादी गैरहजर

मार्च २०२३ मध्ये फ्लोरिडाने आणि एप्रिल २०२५ मध्ये जॉर्जियाने नुकसानभरपाईच्या दाव्यांना लगाम घालणारे कायदे केले. फ्लोरिडात निष्काळजीपणाबद्दल दावा लावायची मुदत चार वर्षांवरून दोनवर आली, आणि अपघातात निम्म्याहून जास्त चूक स्वतःची ठरली तर आता तिथे बहुतेक प्रकरणांत दमडीही मिळत नाही. दोन्ही राज्यांत वाद ठरलेल्या चाकोरीतून गेला. विमा कंपन्या, रुग्णालयं आणि व्यापारी संघटना म्हणाल्या, ऊठसूट कोर्टात धावणाऱ्या लोकांमुळे आणि हायवेवर स्वतःच्या फोटोचे फलक लावणाऱ्या वकिलांमुळे विम्याचे हप्ते वाढतात आणि भुर्दंड सगळ्यांना पडतो. अपघाताचे दावे चालवणारे वकील म्हणाले, कोर्टाचं दार लावून घेतलंत तर बड्या कंपन्यांपुढे सामान्य माणूस उघडा पडेल. अमेरिकेतल्या मराठी मंडळींतही हीच दोन मतं एकमेकांवर आदळतात. ज्या घरात डॉक्टर आहे तिथे पहिलं, ज्या घरातल्या अपघातानंतर विमा कंपनीने हात वर केले तिथे दुसरं.

दोन्ही बाजूंचं काही ना काही खरं आहे. पण हा सगळा वाद चुकीच्या कोर्टाबद्दल चालला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्या बहुसंख्य दिवाणी दाव्यांत एका बाजूला वकील असतो आणि दुसऱ्या बाजूला कायद्याचा गंध नसलेला माणूस असतो, किंवा कुणीच नसतं. तिथल्या दिवाणी न्यायाचा रोग हा आहे. भरपाईच्या रकमेवर मर्यादा घातल्याने तो बरा होत नाही आणि मर्यादा उठवल्यानेही होत नाही. समोरचा माणूस गैरहजर असेल तर न्यायाधीशाने वादीची कागदपत्रं तपासलीच पाहिजेत, आणि त्या माणसाला हजर व्हायला मदत करण्याचा अधिकार फक्त सनदधारक वकिलांच्या हातात कोंडून ठेवता कामा नये. सुधारणा म्हणायची तर ही.

आधी आकडे पाहू. नॅशनल सेंटर फॉर स्टेट कोर्ट्‌स या संस्थेने २०१५ साली दहा मोठ्या शहरी कौंटींमधल्या ९ लाख २५ हजार दिवाणी दाव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले ६४ टक्के दावे कराराचे होते, म्हणजे प्रामुख्याने थकलेलं कर्ज, थकलेलं भाडं, गहाण घरावरची वसुली. अपघात, वैद्यकीय हलगर्जी, सदोष वस्तू असं सगळं धरून नुकसानभरपाईचे दावे होते ७ टक्के. जिथे पैसे देण्याचा निकाल झाला त्यातले तीन चतुर्थांश निकाल ५,२०० डॉलरच्या आतले होते. दोन्हीकडे वकील आहेत असे दावे २४ टक्के. साक्षी, उलटतपासणी, ज्युरी ही जी दृश्यं आपल्या डोक्यात बसलेली आहेत, तशी रीतसर सुनावणी होऊन निकाली निघालेले दावे फक्त ४ टक्के, आणि त्यातही ज्युरीपुढे गेलेले नगण्य. सात टक्क्यांवरून पन्नास वर्षं घमासान चाललं आहे. चौसष्ट टक्क्यांसाठी कुणी हायवेवर फलक लावत नाही.

त्या चौसष्ट टक्क्यांतला एक नेहमीचा दावा जवळून बघू. समजा एका बाईचे क्रेडिट कार्डाचे बावीसशे डॉलर थकले. बँकेने काही महिने फोन केले, मग ते खातं इतर हजारो खात्यांबरोबर गठ्ठ्याने एका कर्जखरेदी कंपनीला विकून टाकलं. ग्राहकांच्या फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये अशा व्यवहारांची छाननी केली तेव्हा सरासरी भाव निघाला डॉलरमागे ४ सेंट. या भावात मूळ करार, महिन्याची बिलं, भरलेल्या रकमांचा हिशेब असं सगळं मिळत नाही. पुष्कळदा मिळते ती एक्सेलची फाइल, आणि तिच्यात एक ओळ: नाव, पत्ता, शेवटची रक्कम. कंपनीचा वकील त्या ओळीवरून दावा तयार करतो आणि त्याच दिवशी तसे आणखी ढीगभर करतो. समन्स जुन्या पत्त्यावर जातं. ती बाई तिथून केव्हाच हललेली असते. किंवा असते तिथेच, पण वादी म्हणून लिहिलेल्या कंपनीचं नाव तिने जन्मात ऐकलेलं नसतं, म्हणून फसवणुकीचं पत्र समजून ती ते बाजूला ठेवते. किंवा सगळं समजूनही, कामावर खाडा झाला तर नोकरी जाईल म्हणून तारखेला जात नाही. पुकारा होतो, प्रतिवादी गैरहजर, एकतर्फी हुकूमनामा. मुद्दल, व्याज, कोर्टाचा खर्च, जमलं तर वकिलाची फीसुद्धा. काही महिन्यांनी पगारातून कपात सुरू होते तेव्हा तिला कळतं की आपल्यावर दावा झाला होता आणि आपण तो हरलोही.

ही एकट्यादुकट्याची गोष्ट असती तर लेख लिहायचं कारण नव्हतं. प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्‌सच्या २०२० च्या अहवालानुसार १९९३ ते २०१३ या वीस वर्षांत कर्जवसुलीचे दावे १७ लाखांवरून सुमारे ४० लाखांवर गेले. प्रतिवादीकडे वकील असण्याचं प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी होतं, आणि जिथली आकडेवारी हाती लागली तिथे ७० टक्क्यांहून जास्त दावे एकतर्फीच निकाली निघाले. न्यूयॉर्कमध्ये तर समन्स बजावल्याचे खोटे दाखले देण्याचा धंदाच झाला होता. एकच माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी समन्स बजावत असल्याच्या नोंदी सापडल्या. २००९ मध्ये राज्याचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल अँड्र्यू क्युओमो सुमारे १ लाख हुकूमनामे रद्द करून मागायला कोर्टात गेले. ज्या व्यवस्थेत एक लाख निकालांच्या बाबतीत प्रतिवादीला खबर पोचली होती की नाही हाच प्रश्न पडतो, तिच्यात खटलेबाजीचा आरोप करायचा तो कुणावर?

मराठी वाचकाला हे चित्र ओळखीचं वाटायला हवं. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. त्यांचा डोळा होता तो कर्जरोखे, वह्या आणि हुकूमनाम्यांवर. तेच ओढून काढून जाळले गेले. त्या दंग्यांच्या चौकशीत दिवाणी कोर्टांचा जो वापर उघड झाला तो असा: सावकार रोखा घेऊन कोर्टात जातो, कुणबी तारखेला येत नाही, हुकूमनामा एकतर्फी होतो, मागोमाग जप्ती येते. कायदा कागदावर दोघांना सारखाच होता. त्यातून १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्‌स रिलीफ ॲक्ट आला. त्यातल्या तरतुदी आज अमेरिकेतल्या एखाद्या न्यायाधीशाने वाचाव्यात अशा आहेत. नुसत्या रोख्यावर विसंबू नका, रोख्याच्या मागे जा. मूळ मुद्दल किती, व्याज किती चढवलं, फेड किती झाली याचा हिशेब कोर्टानेच करा. प्रतिवादीला समोर बोलावून त्याचं म्हणणं ऐका. गावपातळीवर मुन्सफ नेमा, सलोखा घडवणारी माणसं नेमा. शंभर रुपयांपर्यंतच्या कामांत वकिलांना उभंच राहू देऊ नका. त्या कायद्याने सावकारी संपली नाही. कर्ज मिळणं अवघड झालं, सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखतं लिहून घेऊन पळवाटा काढल्या, आणि ही टीका रास्तच आहे. पण रोगाचं निदान बरोबर होतं. एक बाजू गैरहजर असेल तर न्यायाधीशाने हातावर हात ठेवून बसणं ही तटस्थता नव्हे, हे त्या कायद्याने ओळखलं होतं.

न्यूयॉर्कने २०२१ मध्ये ग्राहककर्जाबद्दल जो कायदा केला तो याच वळणाचा आहे. कर्ज मूळ कुणाचं, ते कुणाकडून कुणाकडे विकलं गेलं, रकमेचा तपशील काय, हे दाव्यासोबत दाखवणं सक्तीचं झालं आणि दाव्याची मुदत सहा वर्षांवरून तीनवर आली. याला मी न्यायसुधारणा म्हणतो. वर्तमानपत्रांत तिला जॉर्जियाच्या कायद्याच्या दशांश जागाही मिळाली नाही.

आता विरुद्ध बाजूचे भक्कम मुद्दे. नुकसानभरपाईच्या दाव्यांत खोटेपणा होतच नाही असं म्हणणारा डोळ्यांवर कातडं ओढून बसलेला असला पाहिजे. टेक्सासमधल्या फेडरल न्यायाधीश जॅनिस जॅक यांच्यापुढे सिलिकाच्या धुळीने फुफ्फुसं निकामी झाल्याचे सुमारे १० हजार दावेदार एकत्र आले होते. न्यायाधीश जॅक यांनी डॉक्टरांच्या साक्षी स्वतः ऐकल्या आणि २००५ मध्ये लिहून ठेवलं की ही रोगनिदानं पैशासाठी तयार केलेली आहेत. मूठभर डॉक्टरांनी हजारो लोकांना आजारी ठरवलं होतं, आणि त्यातल्या पुष्कळांनी आधी ॲस्बेस्टॉसच्या आजारासाठीही दावे केलेले होते. डॉक्टरांची तक्रारही पोकळ नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी न्यूयॉर्कमधल्या १९८४ सालच्या ३० हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लावलेल्या दाव्यांपैकी बऱ्याच दाव्यांत डॉक्टरांची हलगर्जी दिसलीच नाही. ज्याच्या हातून काही चूक झाली नाही त्याला वर्षानुवर्षं कोर्टाच्या खेपा घालाव्या लागणं हाही अन्यायच आहे.

पण त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष सांगायचा राहून जातो. हलगर्जीमुळे ज्या रुग्णांना खरोखर इजा झाली होती, त्यांच्यातल्या २ टक्क्यांहूनही कमी लोकांनी दावा लावला. म्हणजे या व्यवस्थेत चुकीची माणसं आत येतात आणि बरोबर माणसं बाहेर राहतात. भरपाईवरची मर्यादा यातलं काय दुरुस्त करते? कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये वैद्यकीय दाव्यांत वेदना आणि मनस्तापाच्या भरपाईला अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा घातली. महागाई कुठल्या कुठे गेली, तो आकडा २०२२ अखेरपर्यंत जागचा हलला नाही. बुडालेला पगार आणि औषधपाणी यांना मर्यादा नव्हती. त्यामुळे शस्त्रक्रियेत अधू झालेल्या मोठ्या पगारदाराचा दावा घ्यायला वकील तयार असे. मूल दगावलं, निवृत्त माणूस दगावला, घर सांभाळणारी बाई दगावली, तर बुडालेला पगारच नाही. मग निकालातून टक्केवारी घेणाऱ्या वकिलाला त्यात काय उरणार? ही चाळणी खोटे दावे अडवत नाही. ज्यांच्या आयुष्याची किंमत पगाराच्या पावतीवर लिहिलेली नाही त्यांना ती अडवते. खोटा दावा पकडायचा तर न्यायाधीश जॅक यांनी केलं तेच करावं लागतं, पुरावा उलगडून बघावा लागतो.

मॅकडोनाल्ड्‌सच्या कॉफीचं उदाहरण कुणीतरी काढणारच, म्हणून तेही सांगतो. १९९२ मध्ये आल्बुकर्कीला ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक यांच्या मांडीवर ती कॉफी सांडली, कातडी खोलवर जळाली, त्वचारोपण करावं लागलं. त्यांनी आधी २० हजार डॉलर मागितले होते. कंपनीने ८०० देऊ केले. त्याआधी भाजल्याच्या सातशेच्या आसपास तक्रारी कंपनीकडे आलेल्या होत्या. ज्युरीने दंडात्मक भरपाईचे २७ लाख सांगितले, न्यायाधीशांनी ते ४ लाख ८० हजारांवर आणले आणि शेवटी तडजोड झाली. कॉफी सांडली आणि लाखो डॉलर मिळाले, एवढी अर्धीच गोष्ट तीस वर्षं फिरते आहे आणि तिच्या जोरावर राज्याराज्यांत कायदे होत आले आहेत.

शिवाय दावे फार झालेत अशी तक्रार करणाऱ्यांनी स्वतःसाठी कोर्टाचं दार कधीच बंद करून घेतलं नाही. फोन, बँक, नोकरी, ज्या करारावर आपण न वाचता होकाराचं बटण दाबतो त्यात लवादाचं कलम असतं: भांडण झालं तर कोर्टात नाही, लवादापुढे, आणि तेही एकेकट्याने. फुकट म्हणून दिलेल्या फोनवर ३० डॉलर २२ सेंट विक्रीकर लावला म्हणून कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याने एटी अँड टीवर सगळ्या ग्राहकांच्या वतीने दावा लावला होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की लवादाचं कलम चालेल, सामूहिक दावा चालणार नाही. तीस डॉलरसाठी एकटा कोण भांडणार? इकडे कर्जवसुलीवाल्यांनाही काही काळ लवाद प्यारा होता. पण २००९ मध्ये मिनेसोटाच्या ॲटर्नी जनरल लोरी स्वान्सन यांनी असे दावे चालवणाऱ्या एका मोठ्या लवाद संस्थेचे वसुलीच्या धंद्याशी आर्थिक लागेबांधे उघडे पाडले, आणि त्या संस्थेने ग्राहकांचे दावे घेणं सोडून दिलं. मग वसुलीला सरकारी कोर्ट आहेच. ग्राहकाची कंपनीविरुद्धची तक्रार मात्र अजून लवादाकडेच जाते.

मग प्रत्येक गरजूला सरकारने वकील द्यावा, हा सरळ उपाय का नको? तत्त्वतः मला तो मान्य आहे. फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला वकील मिळालाच पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ठरवलं. दिवाणीत तसा हक्क नाही. १९८१ मध्ये तर आईचा मुलावरचा हक्क कायमचा काढून घेण्याच्या प्रकरणातही सरसकट वकील देण्याची गरज नाही असा निकाल झाला. न्यूयॉर्क शहराने २०१७ मध्ये घराबाहेर काढले जाणाऱ्या गरीब भाडेकरूंना वकील देण्याचा कायदा केला, असं करणारं ते पहिलं शहर. ज्यांना वकील मिळाला त्यांच्यातले बहुसंख्य घरातच राहिले. पण २०२२ मध्ये घर रिकामं करण्याचे दावे पुन्हा वाढले तसे वकील कमी पडायला लागले आणि हक्क असलेली माणसंही एकटीच कोर्टात उभी राहू लागली. हे श्रीमंत शहरात. देशभरच्या गरिबांच्या दिवाणी कामांसाठी लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनला २०२४ साली मिळाले ५६ कोटी डॉलर. याच संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार कमी उत्पन्नाच्या लोकांना त्यांच्या गंभीर दिवाणी अडचणींपैकी ९२ टक्के अडचणींत पुरेशी मदत मिळत नाही, किंवा अजिबात मिळत नाही. हा पैसा दुप्पट करा, तिप्पट करा, मी त्याच्या बाजूने आहे. तरीही उरलेल्यांचं काय, हा प्रश्न राहतोच. वकील देशात १३ लाखांवर आहेत. १९९१ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी अटलांटात वकिलांच्याच सभेत विचारलं होतं की जगातले सत्तर टक्के वकील अमेरिकेला हवेत कशाला? त्याच्या तेरा वर्षं आधी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लॉस एंजेलिसच्या वकिलांना म्हणाले होते की तुमच्यातले नव्वद टक्के वकील दहा टक्के लोकांचं काम करतात. मला कार्टरांचं गणित जास्त उपयोगी वाटतं.

आणि इथे वकिली व्यवसायाचा स्वतःचा स्वार्थ आडवा येतो. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला रोझमेरी फर्मन नावाच्या बाई होत्या. वकिलांच्या ऑफिसात सेक्रेटरी म्हणून वर्षानुवर्षं काम केलेलं, त्यामुळे घटस्फोटाचे अर्ज तोंडपाठ. एकमताने वेगळं होणाऱ्या गरीब जोडप्यांचे अर्ज त्या ५० डॉलरमध्ये भरून देत. वकील याच कामाचे काही पटींनी घेत. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती, तक्रार होती वकिलांच्या संघटनेची. १९७९ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मनाई केली, १९८४ मध्ये अवमानाबद्दल तुरुंगवास सुनावला, आणि शेवटी गव्हर्नर बॉब ग्रॅहम यांनी माफी दिली म्हणून त्या तुरुंगात जायच्या राहिल्या. जुनी गोष्ट आहे? न्यूयॉर्कमध्ये कर्जाच्या दाव्याला उत्तर द्यायचा एक पानी छापील फॉर्म आहे, चौकटींत खुणा करायचा. कर्जबाजारी लोकांसाठी काम करणाऱ्या अपसॉल्व्ह या संस्थेला पाद्री, समाजसेवक अशा माणसांना शिकवून तो फॉर्म भरायला लोकांना फुकट मदत करायची होती. तेही विनापरवाना वकिली ठरतं, म्हणून ब्रॉन्क्समधल्या एका पाद्र्यासह संस्थेने आधीच कोर्टात दाद मागितली. २०२२ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी तात्पुरती परवानगी दिली. २०२५ मध्ये अपील न्यायालयाने ती काढून घेऊन प्रकरण फेरविचाराला परत पाठवलं. कर्जखरेदी कंपनीला एक्सेलच्या ओळीवरून दावा लावता येतो, आणि पाद्र्याला चौकट कुठली भरायची ते सांगता येत नाही. कुणाच्या रक्षणासाठी?

अशिलाच्या, असं उत्तर मिळतं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. लॅटिन अमेरिकेत 'नोतारियो' हा कायद्याचा मोठा जाणकार असतो. अमेरिकेत साध्या नोटरीचा शिक्का मिळवून, तेच बिरूद लावून भामट्यांनी हजारो स्थलांतरितांना लुबाडलं. चुकीचा अर्ज गेला आणि माणसाला देशाबाहेर काढलं, असं घडलेलं आहे. पण ही फसवणूक बंदी असतानाच फोफावली ना? परवानगी असलेला, शिकलेला, जबाबदार धरता येईल असा पर्याय जिथे नसतो तिथेच भामट्याचं फावतं. जिथे असा पर्याय ठेवला आहे तिथे काय होतं? आयकर विभागापुढे अशिलाच्या वतीने उभे राहणारे एन्रोल्ड एजंट वकील नसतात, आणि अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांचे कर त्यांच्याच भरवशावर भरले जातात. सोशल सिक्युरिटीच्या सुनावणीत वकील नसलेले प्रतिनिधी चालतात. स्थलांतराच्या कोर्टात न्याय खात्याने मान्यता दिलेले संस्थांचे प्रतिनिधी चालतात. इंग्लंडमध्ये नुसता कायद्याचा सल्ला द्यायला सनद लागतच नाही; सिटिझन्स ॲडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेचे स्वयंसेवक १९३९ पासून तो देत आहेत. अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, दुर्गम वस्त्यांतल्या माणसांना शिकवून, कायदा साहाय्य संस्थेच्या देखरेखीखाली ठराविक कामं करायची मुभा दिली. त्या वस्त्यांत गावच्याच आरोग्यसेविका कित्येक दशकं उपचार करत आल्या होत्या, तेव्हा कल्पना परकी नव्हती. आपल्याला तर ती मुळीच परकी वाटू नये: गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांचे उपचार शिकवले, इंजेक्शनसुद्धा, आणि बाळं वाचली. डॉक्टर गावात पोचण्याची वाट बघत बसणं हा तिथे पर्यायच नव्हता.

दर्जाची काळजी वकिलांच्या संघटनांनी याआधीही व्यक्त केलेली आहे. व्हर्जिनियात घर घेणाऱ्या गोल्डफार्ब दांपत्याने मालकीहक्काच्या तपासणीसाठी ३६ वकिलांना पत्रं लिहिली. १९ उत्तरं आली, आणि ठरलेल्या किमान दरापेक्षा कमी घ्यायला एकही तयार नव्हता. ते दरपत्रक म्हणजे संगनमताने भाव बांधणं आहे असं १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. दोन वर्षांनी ॲरिझोनातल्या दोन तरुण वकिलांनी आपल्या फीची जाहिरात दिली, त्यांच्यावर कारवाई झाली, आणि पुन्हा न्यायालयालाच सांगावं लागलं की ही बंदी चालणार नाही. दोन्ही वेळा संघटनेचा युक्तिवाद एकच होता: स्पर्धा आली की दर्जा खालावेल. या इतिहासानंतर तोच युक्तिवाद तिसऱ्यांदा पुराव्याशिवाय का मान्य करायचा?

एका मुद्द्यावर मात्र मी सुधारकांपासून वेगळा पडतो. ॲरिझोनाने १ जानेवारी २०२१ पासून वकिली फर्मची मालकी वकील नसलेल्यांनाही खुली केली. गुंतवणूक येईल, सेवा स्वस्त होईल, असं सांगितलं गेलं. आल्या त्या संस्थांतल्या अनेक अपघाताच्या आणि सामूहिक नुकसानभरपाईच्या दाव्यांतल्या, आणि २०२५ मध्ये परवाना मिळाला केपीएमजी या बड्या हिशेबतपासणी कंपनीला. यातलं काही बेकायदा नाही, पण बावीसशे डॉलरच्या दाव्यातल्या त्या बाईला याचा काय उपयोग? भांडवल जिथे नफा आहे तिथे जाणार. मालकी खुली केली की वकिलांचं स्वातंत्र्य जाईल, या विरोधकांच्या मुद्द्याने मात्र मी इतका धास्तावत नाही. मार्च २०२५ पासून राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काही बड्या फर्मविरुद्ध आदेश काढले, तेव्हा चार फर्म कोर्टात लढल्या आणि जिंकल्या. नऊ फर्मनी तडजोड करून मिळून जवळजवळ ९४ कोटी डॉलरचं विनामोबदला काम देऊ केलं. या सगळ्याच फर्म शंभर टक्के वकिलांच्याच मालकीच्या होत्या. कणा मालकीच्या कागदातून येत नाही हे तेवढ्यात दिसलं.

त्याच ॲरिझोनाने त्याच वेळी दुसरी एक गोष्ट केली, आणि मला ती कितीतरी मोलाची वाटते. परीक्षा देऊन परवाना घेतलेल्या, वकील नसलेल्या व्यावसायिकांना कुटुंबाच्या आणि छोट्या दिवाणी दाव्यांत थेट कोर्टात अशिलाच्या बाजूने उभं राहायची मुभा दिली. विरोधक इथे वॉशिंग्टन राज्याकडे बोट दाखवतात: तिथे २०१२ मध्ये असाच परवाना निघाला आणि २०२० मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तो गुंडाळला, कारण पुढे आलेली माणसं फारच थोडी. थोडी का होती, हे विचारायला नको? तीन हजार तास वकिलाच्या हाताखाली काम करण्याची अट होती, परवाना फक्त कुटुंबाच्या कामांपुरता होता, आणि सुरुवातीला तर अशिलासाठी कोर्टात बोलायलाही मनाई होती. एवढं सगळं करून अर्धंच काम करता येणार असेल तर कोण पुढे येईल?

अमेरिकेत वकिलीचे नियम बहुतेक ठिकाणी राज्याचं सर्वोच्च न्यायालय ठरवतं, म्हणून यातलं पुष्कळ काही विधिमंडळाशिवाय होऊ शकतं. अलास्कात आणि ॲरिझोनात न्यायालयाच्या आदेशानेच झालं. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मर्यादित परवान्याच्या नियमांना प्राथमिक मंजुरी दिली आणि वकिलांचा विरोध आल्यावर अंमलबजावणी पुढे ढकलली. असे मसुदे निघतात तेव्हा सूचना मागवल्या जातात, आणि त्या पाठवणारे बव्हंशी वकीलच असतात. टेक्सासमध्ये न्यायाधीश निवडणुकीने येतात. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनमधले मराठी मतदार काही थोडेथोडके नाहीत. मर्यादित परवान्याच्या माणसाला कर्जवसुलीच्या दाव्यात कोर्टात उभं राहता येणार का, आणि प्रतिवादी गैरहजर असताना वादीकडून मूळ करार आणि हिशेब मागितल्याशिवाय हुकूमनामा होणार का, एवढे दोनच प्रश्न त्यांनी लेखी विचारावेत.